अठ्ठावीस जोड चपला

लग्नाच्या पंगतीत बसले तरी मी माणसं मोजते. एसटीत चढले की मोजते. पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाडीच्या डब्यात बसताना मोजते आणि उतरताना पुन्हा एकदा मागे वळून बघते. माझा भाचा म्हणतो, मावशी, तू कंडक्टर व्हायला हवी होतीस. मी हसून सोडून देते. मोजून झाल्याशिवाय मला घास उतरत नाही, हे त्याला सांगितलेलं नाही.

या अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असं मला सांगितलं गेलं, तेव्हा मी बरेच दिवस टाळलं. एकोणीस वर्षांत गमतीचे प्रसंग पुष्कळ झाले. पण ते लिहायला बसले की त्यांच्यामागून एकच दिवस पुढे येतो. तो न लिहिता बाकीचं लिहिणं मला खोटं वाटतं. आणि खोटं सांगण्याचं काय होतं, तेच तर लिहायचं आहे.

मी पेणच्या खाडीकाठी एका जुन्या मीठकचेरीत काम करते. गावाचं नाव देत नाही, गावातल्या लोकांना ते आवडणार नाही. पूर्वी आसपासच्या मिठागरांचं मीठ इथे जमा व्हायचं, त्यावर सरकारी कर बसायचा आणि मग ते होड्यांनी बाहेर जायचं. पुढे कमानींचा ओटा, मग दोन खोल्यांची कचेरी आणि तिच्यामागे सहा पायऱ्या उतरून दगडी कोठार. कोठाराच्या भिंती दोन हात जाड. खिडकी एकही नाही, वर हवेपुरते झरोके, उजेड आत न येणारे. आतून भिंतीला लागून चारी बाजूंनी कंबरेएवढा उंच दगडी कट्टा. दार सागवानी, एकाच मोठ्या फळीचं, आतल्या बाजूला उघडणारं, कडी बाहेरून. खाडीकडचा होड्या लागायचा दरवाजा कधीच चिणून टाकला आहे, पण त्याच्या खालची मोरी तशीच आहे. त्यामुळे मोठ्या उधाणाला भरतीचं पाणी कोठारात शिरतं आणि ओहोटी लागली की आपलं आपण निघून जातं.

ही वास्तू वारसा म्हणून जाहीर झाली, डागडुजी झाली आणि ती लोकांना दाखवायला कोणीतरी हवं म्हणून मला घेतलं. हुद्दा ‘परिचर तथा मार्गदर्शक’. म्हणजे सकाळी झाडायचं, दिवसा इतिहास सांगायचा आणि संध्याकाळी कुलूप लावायचं. मला या नोकरीचा फार अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. माझे बाबा मिठागरावर कामाला होते. आई गणपतीच्या हंगामात हमरापूरला मूर्तींच्या कारखान्यात रंगकामाला जायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. ज्या मिठाने बाबांचे पाय फाटले त्याच मिठाची गोष्ट सांगायला मला खुर्ची आणि ओळखपत्र मिळालं, ही साधी गोष्ट नव्हती.

ही खुर्ची मला सुलभाबाईंमुळे मिळाली. हे त्यांचं खरं नाव नाही. बाई आम्हाला पेणच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. राहायला रोह्याला, रोज येऊन-जाऊन नोकरी. दहावीनंतर मी घरी बसणार होते. बाई एका रविवारी रोह्याहून आमच्या घरी आल्या, मिठागराच्या बांधावरून चालत, साडी चिखलाने भरलेली. बाबांना म्हणाल्या, हिचा कॉलेजचा फॉर्म मी भरून आणलाय, तुम्ही फक्त सही करा. बाबांना सही येत नव्हती. त्यांनी अंगठा दिला आणि बाईंनी स्वतःच्या रुमालाने त्यांच्या अंगठ्याची शाई पुसली. हे मी कधीच विसरले नाही.

आता धंद्यातली गोष्ट सांगते, ती बाहेरच्यांना माहीत नसते. जुनी वास्तू बघायला येणारा माणूस पहिली पाच मिनिटं उत्सुक असतो. मग त्याला तहान लागते. मग तो मोबाइल काढतो. कुठल्या साली काय बांधलं हे सांगायला लागलं की माना खाली जातात. इथे एक माणूस मेला असं म्हटलं की माना वर येतात.

सुरुवातीला मी खरं तेच सांगायचे. मीठ कसं पिकवतात, कर कसा बसायचा, होड्या कुठून यायच्या. लोक जांभया द्यायचे. एकदा लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या जोडप्याने मला विचारलं, इथे साखळ्या वगैरे नाहीत का हो, जरा माहोल आला असता. दुसऱ्या एका गृहस्थांनी संपूर्ण कोठार फिरून झाल्यावर हात झटकले आणि म्हणाले, म्हणजे नुसतं गोडाऊनच की. त्यांच्यासाठी मी तासभर घसा कोरडा केला होता. ते शब्द मला फार लागले.

त्यानंतर मी राघोला जन्माला घातलं.

राघो हा मिठागरावरचा मजूर. कर चुकवून रात्री मीठ नेताना सापडला. शिपायांनी त्याला या कोठारात कोंडलं आणि विसरून गेले. त्या दिवशी उधाण होतं. पाणी मोरीतून आत आलं, कट्ट्यावर चढलं, छतापर्यंत गेलं. हाका मारून मारून त्याचा दम गेला, मग हाका थांबल्या. हे सगळं मी घरी बसून एका संध्याकाळी रचलं. सांगताना मी कोठारातले तीन दिवे बंद करायचे, बाहेरून दार ओढून घ्यायला लावायचे आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचे. एक मिनिट काळोख. त्या काळोखात मी हळू आवाजात शेवट सांगायचे. दिवे लावले की बायकांचे डोळे पाणावलेले असायचे. जाताना लोक म्हणायचे, तुम्ही इतिहास जिवंत केलात. अभिप्रायाच्या वहीची पानंच्या पानं भरली. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

बाबांनी एकदा ही गोष्ट पायऱ्यांवर उभं राहून ऐकली. रात्री जेवताना विचारलं, “राघो कोन गो?”

मी म्हटलं, असाच, गोष्टीतला.

बाबा भात कालवत राहिले. मग म्हणाले, “कट्ट्याच्या वर पानी कधी गेला नाय. गेला असता तर मीठ कुठं ठेवला असता?”

बाबांचं म्हणणं बरोबर होतं. तो कट्टा मिठासाठीच होता. बांधणाऱ्यांनी मोठ्यात मोठं उधाण बघून त्याची उंची ठरवली होती. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याच्या लक्षात आली नाही, कारण मी ती लक्षात येऊ दिली नाही. बाबांची गोष्ट खरी होती, पण तिच्यात कोणी मरत नव्हतं.

आता चपलांचं सांगते. मिठावर चपला घालून जायचं नाही, ही इथल्या मिठागरवाल्यांची जुनी रीत. कचेरीची डागडुजी झाली तेव्हा गावाने एकच अट घातली, कोठारात चपला नेऊ नयेत. मला त्यातून एक सोय सापडली. ओट्यावर लाकडी मांडणी ठेवली. लोक आत गेले की मी जोड मोजायचे. बाहेर आल्यावर मांडणी रिकामी झाली की समजायचं, आत कोणी नाही. माणसं हलतात, चपला हलत नाहीत. ही युक्ती मी बाहेरच्या गावच्या मार्गदर्शकांनाही मोठ्या तोऱ्यात सांगितली होती.

माझ्याबरोबर पहाऱ्याला हुसेनचाचा होते. तरुणपणी मस्कतला नोकरी करून आलेले, कमी बोलणारे. कोठाराला कडी घालण्याआधी दारात उभं राहून आत तीनदा हाक मारायची, ही त्यांची सवय. “आत कोण हाय का?” मग थांबायचे, ऐकायचे, मग कडी. त्यांचे वडील याच बंदरावर होते, तेही असंच करायचे म्हणे. पण काळोखातून हळवे होऊन बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांच्या कानावर ती खणखणीत हाक पडली की सगळा परिणाम जायचा. मी चाचांना सांगितलं, हाक नका मारू, मी चपला मोजते ना. चाचांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं हे मला दिसलं होतं.

तो दिवस नवरात्रातला, दुसऱ्या माळेचा. अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. अशा दिवशी आम्ही बाराच्या आत कोठार बंद करतो. रोह्याहून दोन गाड्या भरून बायकांचा गट आला, बऱ्याचशा निवृत्त शिक्षिका. आणि पहिल्या गाडीतून सुलभाबाई उतरल्या.

मी धावत जाऊन पाया पडले. वाकले तेव्हा बघितलं, त्यांचे पाय अनवाणी होते. बाई नवरात्रात नऊ दिवस चप्पल घालत नसत, शाळेतही तशाच यायच्या. उपासही करायच्या. मी म्हटलं, बाई, एवढ्या उन्हात? त्या म्हणाल्या, “माझं सोड. तू कशी शिकवतेस ते बघायला आलेय.”

मी ते पाय डोळ्यांनी बघितले होते, कपाळ टेकवलं होतं. तरी पुढच्या पाच मिनिटांत मी मांडणीपाशी उभी राहिले आणि मोजलं. अठ्ठावीस जोड. मनात पक्कं केलं, अठ्ठावीस.

पायऱ्यांपाशी आल्यावर बाई म्हणाल्या, “वंदने, गुडघे दुखतायत गो. मी वर ओट्यावर बसते. तुझा आवाज येईल तेवढा ऐकते.” मी त्यांना बाकावर बसवलं आणि खाली गेले. त्या दिवशी मी जीव ओतून बोलत होते. बाई वर ऐकताहेत म्हणून मुद्दाम आवाज चढवत होते. राघोची गोष्ट सुरू केली, दिवे घालवले, सगळ्यांना डोळे मिटायला लावले. दार लावायला चाचांना खालूनच हाक मारली. ते ड्रायव्हरांना गाड्या वळवायला मदत करत होते, तिथून आले आणि दार ओढून घेतलं.

मधल्या त्या अर्ध्या मिनिटात बाई पायऱ्या उतरून आत आल्या होत्या. त्यांना माझा शेवट जवळून ऐकायचा होता. दाराच्या आतच, डाव्या कोपऱ्यातल्या कट्ट्यावर त्या टेकल्या आणि मी सांगितलं होतं म्हणून डोळे मिटून बसल्या. उपास, ऊन आणि वय. तिथे त्यांना ग्लानी आली.

गोष्ट संपली. चाचांनी दार आत ढकललं, मग मी दिवे लावले. दाराची ती मोठी फळी उघडून बरोब्बर त्या डाव्या कोपऱ्यावर गेली आणि बाई तिच्यामागे झाकल्या गेल्या. अठ्ठावीस बायका त्या फळीला हात लावत बाहेर पडल्या. मी दिवे बंद करून सर्वांत शेवटी निघाले. मीही त्या फळीला हात लावला असेल.

वर आले. बायकांनी चपला घातल्या, मांडणी रिकामी झाली. बाक रिकामं दिसलं. बाई गाडीत जाऊन बसल्या असतील असं वाटलं. मी निरोप घ्यायला निघाले होते, तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला, तपासणीची तारीख कळवायला. मी फोनवर असतानाच गाड्या सुटल्या. मागच्या गाडीतून कोणीतरी हात हलवला. मीही हलवला. तो हात बाईंचा आहे असं मी ठरवून टाकलं. पहिल्या गाडीतल्यांना वाटलं बाई दुसरीत आहेत, दुसरीतल्यांना वाटलं पहिलीत.

चाचा कोठाराच्या दारात उभे होते. त्यांनी मला विचारलं, “ताई, हाक मारू काय?”

मी फोन कानाला धरूनच म्हटलं, “नको. चपला मोजल्यात.”

त्यांनी कडी घातली.

नंतर मी डबा खाल्ला. वहीत गटाचं नाव लिहिलं आणि पाहुण्यांच्या संख्येच्या रकान्यात अठ्ठावीस लिहिलं. खाडीत पाणी चढत होतं. बांधावरून दिसतं ते, आधी चिखलावर बारीक बारीक ओळी सरकतात, मग बघता बघता चिखल दिसेनासा होतो. नवरात्रातलं उधाण वर्षातल्या मोठ्यांपैकी असतं. सव्वा वाजून गेला असेल, फोन वाजला. गट पेणमध्ये फराळाला थांबला होता. तिथे पानं मांडताना एक पान जास्त उरलं. त्यांच्या प्रमुख बाईंनी अगदी सहज विचारलं, “सुलभाताई तुमच्याकडेच राहिल्यात का?”

मला त्यापुढचं काही ऐकू आलं नाही. डोळ्यांसमोर फक्त अनवाणी पाय आले.

मी पायऱ्यांकडे धावले. सर्वांत खालच्या दोन पायऱ्या पाण्यात होत्या. दाराच्या खालून पाणी बाहेर झिरपत होतं, म्हणजे आत त्याहून जास्त होतं. मी दारावर थापा मारल्या, बाई, बाई म्हणून ओरडले. आतून काही आलं नाही. हाका थांबल्या, हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं रोज सांगत होते. कुठे आवाज पाडायचा, किती थांबायचं, सगळं ठरलेलं. आता मी त्याच दाराबाहेर उभी होते आणि आत शांतता होती. मी कडी ओढली, ती निघेना. चाचांनी मला बाजूला केलं आणि कडी काढली.

दार हलेना. लाकूड फुगलं होतं, आतून पाण्याचा रेटा होता. आम्ही दोघांनी खांदे लावले. दार बोटभर उघडलं. त्या फटीतून काळोख आणि खाऱ्या चिखलाचा वास आला. आणि मग आवाज आला.

बाई कोणाशी तरी बोलत होत्या. ओरडत नव्हत्या. वर्गात रडणाऱ्या पोराला जवळ घेऊन बोलावं तसं, हळू, समजावून. “घाबरू नको रे. मी आहे ना. आपण दोघं आहोत.”

चाचा थबकले. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, “आत दोघं हायत काय?”

मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नाही. बाई गेल्या असत्या तर काय, ही भीती होतीच. पण त्या क्षणी दुसरीच भीती वाटली. वाटलं, दार उघडलं आणि बाईंच्या शेजारी खरंच कोणी बसलेलं असलं तर? मी रचलेला, मी बुडवलेला माणूस?

आम्ही पुन्हा रेटा दिला. दार माणूस शिरेल एवढं उघडलं. पाणी माझ्या मांडीपर्यंत आलं. चाचांनी बॅटरी मारली. बाई कोपऱ्यातल्या कट्ट्यावर उभ्या होत्या, पाठ भिंतीला, साडी वर खोचलेली, एक हात उंच करून छत चाचपत. पाणी कट्ट्याच्या काठाखाली वीतभर होतं. त्यांच्या शेजारी कोणी नव्हतं. दुसरा हात मात्र त्यांनी बाजूला पसरून धरला होता, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा.

चाचांनी त्यांना पाठीवर घेतलं. वर ओट्यावर आणून साखरपाणी दिलं. डॉक्टर आले, तपासलं, जिवाला धोका नाही म्हणाले. पाय गार पडले होते, मी ते माझ्या पदरात घेऊन चोळत बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, “राघोच्या घरी कोण कोण होतं गो?” मी पाय जोरात चोळत राहिले. गटाची गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली.

दसऱ्याच्या दिवशी मी आपट्याची पानं घेऊन रोह्याला गेले. राजीनामाही लिहून पर्समध्ये ठेवला होता. बाई घरच्या अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या, पायांत आता चपला होत्या. मी सोनं त्यांच्या हातात दिलं, पाया पडले, पण मला उठवेना. तसंच खाली बसून मी म्हटलं, बाई, चूक माझी आहे, चपला मोजल्या, माणसं मोजली नाहीत, चाचांनी विचारलं होतं, मी हाक मारू दिली नाही. त्या म्हणाल्या, चूक होते, मी न सांगता खाली उतरले ती माझीही चूक. मग त्या आत काय झालं ते सांगू लागल्या.

शुद्ध आली तेव्हा काळोख होता. आधी त्यांनी हाका मारल्या, दार वाजवलं, पण वर ओट्यापर्यंत आवाज पोचला नाही. मग पाणी आलं. ते पायाला लागलं तेव्हा त्यांना माझी गोष्ट आठवली आणि त्यांनी हाका थांबवल्या. “तू सांगितलंस ना, हाका मारून त्याचा दम गेला. म्हटलं, आपण दम राखू या.” त्या कट्ट्यावर उभ्या राहिल्या. हात लावून छत किती वर आहे ते बघितलं. पाणी छतापर्यंत यायला किती वेळ लागेल याचा हिशोब करत राहिल्या. तासभर. “मरायची तयारी केली मी वंदने. मुलांची नावं घेतली. मग वाटलं, इथे माझ्याआधी एक पोर असंच उभं होतं. ते तर एकटं होतं. म्हणून त्याच्याशी बोलत बसले. त्यामुळे धीर आला. दारावर तू थापा मारल्यास त्या मला पाण्याच्याच वाटल्या.”

त्या क्षणी मी गप्प बसले असते तर चाललं असतं. राघोने त्यांना धीर दिला होता. पण त्यांना तासभर मरणाच्या दारात उभंही त्यानेच केलं होतं. बाईंनी रुमालाने पुसलेला बाबांचा अंगठा मला आठवला आणि मी सगळं सांगून टाकलं. राघो नव्हता. मी रचला. पाणी कट्ट्याच्या वर कधीच जात नाही, बाबांनी मला सांगितलं होतं. तुम्ही कट्ट्यावर नुसत्या बसून राहिला असता तरी काही झालं नसतं.

बाई कितीतरी वेळ आपट्याचं पान बोटांत फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “मिठाच्या कोठारात छतापर्यंत पाणी. आयुष्यभर इतिहास शिकवला मी, आणि मला हे सुचलं नाही.” थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, “मग मी कोणाबरोबर बसले होते गो?”



मी पर्समधून राजीनामा काढला. बाईंनी तो वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि परत दिला. म्हणाल्या, “हे नको. तुझ्या वडिलांनी सांगितलं ते सांगायला लाग. आणि हेही सांग, मी आत राहिले ते. माझं नाव नको घेऊस. तुझं घे.”

बाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली. हुसेनचाचा घरी बसले. आमच्याकडे आता आत जाणाऱ्याला नंबराचा बिल्ला देतात, दाराची फळी भिंतीला साखळीने बांधलेली असते, दिवे कधीच बंद होत नाहीत. कडी घालण्याआधी तीन हाका मी मारते, पाहुण्यांच्या कानावर पडतील अशा. लोकांना मी कट्टा दाखवते. त्याच्या काठाखाली वीतभर अंतरावर दगडावर पांढरट रेघ आहे, उधाणाच्या मिठाची. तिच्यावर हात ठेवायला सांगते. एकदा एका म्हाताऱ्या मिठागरवालीने तिथे बोट फिरवून जिभेला लावलं होतं आणि म्हणाली होती, “आपल्याच आगराचा हाय.” मला वाटतं, जुनं जिवंत होणं म्हणजे एवढंच असावं. पण हे मी पाहुण्यांना सांगत नाही, त्यांना बोट फिरवू देते.

मग बाईंची गोष्ट सांगते, जशी घडली तशी, काही न वाढवता. आवाज पाडत नाही. तरी कोठार एकदम शांत होतं. परवा एका बाईंनी ऐकून झाल्यावर विचारलं, “पण त्यांना कोंडलं कोणी?”

मी म्हटलं, “मी.”

सगळ्या निघाल्या. दारातून बाहेर पडताना त्या बाई थांबल्या, मागे वळल्या आणि वाकून फळीमागचा कोपरा बघितला. दर गटात कोणी ना कोणी तो बघतंच. त्यांच्यामागून मीही बघते.